आखाड्यावरचं लग्न आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी विचारलं होतं, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्या-वस्तीवर, लग्न करायचा विचार कुणाच्या घरात चालू आहे का. तर इतकी पत्रं आली की वाचतावाचता दोन रात्री गेल्या. सगळ्यांना इथं उत्तर देणं होणार नाही म्हणून चार निवडलीत, त्यात बाकीच्यांचेही बरेचसे प्रश्न येऊन जातात. नावं नेहमीसारखी छापत नाही.

प्रश्न: ताई, मी लातूरच्या औसा तालुक्यातली, नोकरीला पुण्यात. आम्हा दोघांचं ठरलंय की मंगल कार्यालय नको, आमच्या आखाड्यावरच लग्न करायचं, फेब्रुवारीत. परदेशात जुन्या लाकडी कोठारात, गवताच्या गाठींवर पाहुणे बसवून, दिव्यांच्या माळा लावून लग्नं करतात ते रील्स बघून डोक्यात बसलंय, तसं एकदम निवांत, जवळची 300 माणसं. एका इव्हेंटवाल्याला विचारलं तर तो म्हणाला लाकडी शेडचा सेट उभा करून देतो. बाबा म्हणतात गोठ्यात कुणी लग्न लावतं का. सुरवात कुठून करू?

उत्तर: बाळा, सेट कशाला गं? तिकडच्या लोकांचं ते कोठार म्हणजे त्यांच्या शेतातली रोजची जागा, धान्य आणि चारा ठेवायची, म्हणून ती फोटोत खरी वाटते. तुझ्याकडं तुझी रोजची जागा आहेच की. गोठा आहे, कडब्याची गंज आहे, तुराट्याचा कूड आहे, विहिरीवरचं झाड असेल. आणि तुम्ही औशाकडची माणसं, दरवर्षी येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, अख्खं घर शेतात नेता, कडब्याची कोप करता, भज्जी-आंबील-उंडे घेऊन बसता आणि बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवता. शेतात माणसं जेवू घालायची सवय तुमच्या घराला तुझ्या आज्याच्या आधीपासून आहे. बाबांना हेच सांग. गोठ्यात लग्न म्हणलं की त्यांना कमीपणा वाटतो, पण येळवशीसारखं करायचंय म्हणलीस की त्यांच्या डोळ्यासमोर चित्र उभं राहील, आणि मग तेच पुढं होऊन कामं सांगायला लागतील बघ.

आता सुरवात. सजावटीपासून करू नकोस, रानापासून कर. फेब्रुवारीत रब्बीची ज्वारी उभी असते, हरभरा असतो, मग मोकळं रान कोणतं मिळणार तर तूर काढलेलं. बाबांना आत्ताच विचार तूर कुठल्या पट्टीत आहे. तूर निघाली तरी खुंटं राहतात आणि ती इतकी टोकदार असतात की चपलेतून पायात घुसतात, त्यामुळं रोटाव्हेटर मारून, वेचून, वरून रोलर फिरवून, आदले दोनतीन दिवस हलकं पाणी मारून जमीन बसवून घ्यायची. निघालेल्या तुराट्या जाळू देऊ नको. त्याचेच कूड बांधून घे, जेवणाची जागा आणि स्वयंपाकाची जागा वेगळी करायला यापेक्षा देखणा पडदा मांडववाल्याकडं मिळणार नाही.

आणि रस्ता. हे मी पोटतिडकीनं सांगते कारण आमच्या घरच्या एका लग्नात भोगलंय. मार्च महिना होता, आदल्या रात्री अवकाळी आला, जास्त नाही अर्धा तासच, पण काळी माती ती, सकाळी पाण्याचा टँकर बांधाच्या अलीकडं रुतला तो दोन ट्रॅक्टर लावून दुपारी निघाला, तोवर आचारी रिकाम्या पातेल्यापाशी बसून आणि म्हातारी माणसं चपला हातात घेऊन चिखलातून येतायत, नवरीची आत्या घसरून पडली, मनगट मोडलं. आजही तो फोटोंचा अल्बम उघडला की मला आत्याचा हात आठवतो. त्यामुळं डांबरी सोडल्यापासून मांडवापर्यंतच्या गाडीवाटेवर मुरूम टाकून दाबून घ्यायचा, हा खर्च वायफळ नाही, पुढं दहा वर्षं बाबांचा ऊस नि सोयाबीन त्याच वाटेनं निघेल. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीची भीती आपल्याकडं असतेच, 2014 ची गारपीट तुझ्या बाबांना चांगली आठवत असेल, तेव्हा नुसत्या कापडी मांडवावर विसंबू नका. 300 माणसं उभी राहतील एवढं तरी पाणी न गळणारं छत पाहिजे. गोठा मोठा असेल तर लग्न लागायची जागा तिथंच ठेव, आणि पाऊस नाही आला तर जेवणं मोकळ्यात.

गोठा वापरणार असशील तर जनावरं लग्नाच्या आदल्या दिवशी हलवायची नाहीत. आठदहा दिवस आधी दुसरीकडं बांधायला सुरवात करा, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे त्यांनाही सवय होते आणि जेवणावर माशा येत नाहीत. देवणी बैलजोडी असेल तुमच्याकडं तर नवरदेवाची गाडी तिच्यावर आणायचा मोह होईल, आणा की, पण बैलांना वाजंत्रीची सवय आधी चारपाच वेळा करून घ्या आणि कासरा रोजच्या माणसाच्याच हातात द्या, फोटोसाठी भावाच्या नको. गोठा झाडून, जमीन शेणानं सारवून, भिंतींना चुना 15 दिवस आधी, म्हणजे वास मरतो आणि कपड्यांना लागत नाही.

तिकडच्या गवताच्या गाठींच्या जागी कडब्याच्या पेंढ्या रचायच्या असतील तर दोन गोष्टी. एक, कडबा टोचतो, साडीचे धागे ओढतो, त्यामुळं वर सतरंजी किंवा घरातल्या वाकळा टाकाच. घराघरातून वाकळा मागवल्या तर तीच सजावट झाली, कुठली आत्याच्या जुन्या साडीची, कुठली आजोबांच्या धोतराची, पाहुणे बसतानाच ओळखतात की अगं ही तर आपली. दुसरं, जुन्या गंजीत उंदीर असतात आणि त्यांच्यामागं साप, दगडाखाली विंचू. गंज मोडायची ती भर उन्हात, काठीनं हलवून, लग्नाच्या आठवडाभर आधी, आणि आसपासचं गवत साफ. सापावरची लस कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे ते आधी माहीत करून ठेवा आणि एक गाडी ड्रायव्हरसकट मोकळी ठेवा. कडब्याजवळ पणत्या, मेणबत्त्या, फटाके, विडीकाडी काहीच नको, माळा लावायच्या त्या एलईडीच्या.

लाइटचं म्हणशील तर शेतीच्या फीडरवर थ्री फेज मोजकेच तास, तेही कधी दिवसा कधी रात्री, आणि मोटारीच्या कनेक्शनवरून मांडवाला वीज घेणं नियमात बसत नाही. महावितरणकडं तात्पुरत्या कनेक्शनचा अर्ज महिनाभर आधी टाका आणि तरी जनरेटर सांगून ठेवाच.

पाणी. प्यायला माणशी दोन लिटर धर, 300 माणसांना 600, म्हणजे 20 लिटरचे 30 जार, तू 40 सांग. हात धुणं, भांडी, स्वयंपाक याला 10,000 लिटरचा एक टँकर आधीच्या संध्याकाळीच आणून उभा करायचा. आणि संडास, याच्यावर कुणी बोलत नाही पण शेतातलं लग्न इथंच फसतं. बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, मी बघितलंय, नऊवारी-शालू नेसलेल्या बाया बिचाऱ्या सकाळपासून कळ काढून बसतात. फिरते संडास भाड्यानं मिळतात, बायांना चार आणि पुरुषांना दोन एवढे तर पाहिजेतच, आत बादलीभर पाणी, बाहेर दिवा, आणि ते साफ ठेवायला ठरवून पैसे दिलेलं माणूस. शेजारीच तुराट्याच्या कुडाची एक खोली, आरसा, खुंट्या, एक बाज, लेकराला पाजायला आणि पातळ बदलायला. मला विचारशील तर फुलांचे निम्मे पैसे काढून यात घाल.

वेळ म्हणशील तर गोरज मुहूर्त. नावातच गाईंच्या खुरांची धूळ आहे, शेतातल्या लग्नाला यापेक्षा योग्य कुठला? तुमच्याकडं फेब्रुवारीत सव्वासहा-साडेसहाला सूर्य बुडतो, उजेड इतका छान असतो की फोटोवाल्याला लाइट लावायला लागत नाही, आणि सात ते साडेनऊ पंगती उठवून दहाला लाउडस्पीकर बंद. अक्षता तांदळाच्या नकोत, आपल्याकडं जुन्या लोकांत ज्वारीच्याच असायच्या, हळद लावलेली ज्वारी वाटा, दुसऱ्या दिवशी चिमण्या वेचून नेतात. अंतरपाटाला आईची पैठणी धरा.

जेवणात पन्नास पदार्थ नकोत. येसराची आमटी, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, भात, गव्हाची खीर, बास झालं. ताजे हरभरे नि मेथी मिळाली तर भज्जी, म्हणजे येळवशीची ती मिसळीची भाजी, करा, लातूरच्या बाहेरची माणसं ती बोटं चाटून खातील. पण भाकरीचा हिशोब नीट घाल बाई. माणशी दोन म्हणजे 600, किलोभर पिठाच्या नऊ-दहा होतात म्हणजे 65 किलो पीठ, आणि हात बसलेली बाईसुद्धा चुलीवर तासाला तीसच्या आसपास करते, म्हणजे पाच बायांना चार तास. त्या पाच बाया तुझ्या मावश्या-चुलत्या नकोत. गावातल्या बचत गटाला ठरवून काम द्या, चांगला रोज द्या, आणि त्यांची पंगत शेवटची नको. निवांत लग्न पाहिजे म्हणतेस ना, तर घरातल्या बाया निवांत असल्या पाहिजेत, नाहीतर निवांतपणा फक्त नवरानवरीचा होतो आणि मावशी चुलीपुढं धुरात.

पाहुण्यांना लोकेशन पाठवशील ते चालेल पण शेतात नेटवर्क जातं, म्हणून फाट्यापासून वळणावळणावर जुन्या सुपांवर गेरू-चुन्यानं नावं आणि बाण काढून टांगा. शेजारच्या बांधकऱ्याला गाड्या लावायला रान मागायचं असेल तर बाबांनी स्वतः जाऊन पहिली पत्रिका त्यालाच द्यावी. आणि लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होते, 90 दिवसांच्या आत, तीन साक्षीदार लागतात, ग्रामसेवकांना आधीच भेटून कागद विचारून या, पुण्याला परत गेलात की राहून जातं.

प्रश्न: ताई, मी धारूरकडचा, चार एकर कोरडवाहू. मुलगी शिकलेली आहे, ती म्हणते शेतात साधं लग्न करा, कर्ज काढू नका. जावईपण तयार आहे. पण भावकी म्हणते लोक म्हणतील यांच्यात दम नाही. कार्यालय घ्यायचं तर सावकाराकडं जावं लागेल. काय करावं कळंना.

उत्तर: दादा, तुमच्या लेकीनं तुम्हाला जे दिलंय ते हातातून जाऊ देऊ नका. सावकाराच्या दारात भावकी येणार नाही तुमच्यासोबत. जी माणसं दम नाही म्हणतील ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मांडवात जेवत असतील आणि व्याज तुम्ही फेडत राहाल, दोन पावसाळे वाकडे गेले की रान जातं. मराठवाड्यात लग्नाच्या कर्जानं किती घरं बसली ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. आणि कमी खर्चाचं लग्न म्हणजे काही नवं खूळ नाही, जोतिबांच्या सत्यशोधक समाजानं 25 डिसेंबर 1873 ला पहिलं लग्न लावलं ते साधेपणानंच, दीडशे वर्षं झाली त्याला.

पण साधं म्हणजे ओढाताणीचं नाही, हे भावकीला दिसलं पाहिजे. मांडव नीट, जेवण पोटभर आणि गरम, बसायला जागा, पाणी थंड. एवढं असलं की कुणी नाव ठेवत नाही. आहेर घेणार-देणार नाही हे पत्रिकेवरच छापा, दोन्हीकडची मोठी सुटका होते. भावकीतला जो सगळ्यात जास्त बोलतो ना त्यालाच पाण्याचं नाहीतर पंगतीचं पुढारपण द्या, काम अंगावर घेतलं की तो तुमच्या बाजूचा होतो, हे मी कितीदा पाहिलंय.

तारखेचा मात्र विचार करा. तुमच्याकडची निम्मी घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. डिसेंबर-जानेवारीत लग्न धरलंत तर ज्या माणसांनी तुमच्या लेकीला अंगाखांद्यावर खेळवून मोठी केली, तीच उसाच्या फडावर असतील. त्यांच्यासाठी थांबा असं मी म्हणेन. फक्त मग एप्रिल येतो, चाळिशीपार ऊन आणि पाण्याची ओढ. मार्च लागला की विहिरीत डोकावून बघा, शेजारच्या बोअरवाल्याशी बोलून ठेवा, आणि मगच तारीख पक्की करा. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आपल्या भागात पाण्याला गृहीत धरून चालत नाही. लग्न सांजंचं ठेवा, दुपारी कुणाला बोलवूच नका. चिंचेच्या नाहीतर लिंबाच्या दाट सावलीत माठ मांडा, ओल्या फडक्यानं गुंडाळलेले, आणि पन्ह्याचा मोठा हंडा. लेकीला सांगा ताईनं शाबास म्हणलंय.

प्रश्न: परभणी जिल्ह्यातून लिहितोय. वडाच्या झाडाखाली लग्न करायचं ठरलंय, शेतातच. मित्र म्हणतात डीजे नसेल तर येणार नाही. आई म्हणते गोंधळ तर घालावाच लागेल, तुळजापूरची कुलदेवी आहे. दोन्ही कसं जमवू?

उत्तर: अरे राजा, सगळ्यात आधी त्या वडावर वर मान करून बघ. आग्या मोहोळ आहे का? जुन्या मोठ्या वडा-पिंपळाला ते हटकून असतं, आणि धूर झाला, फटाका वाजला, मोठा धमधमाट झाला की ते उठतं आणि मग पळायला वाट मिळत नाही, जीव जातात माणसांचे. मोहोळ असेल तर एकतर जाणकार माणसाकडून रात्रीतून काढून घ्यायचं, तेही न जाळता, नाहीतर जागा बदलायची. मी तर जागा बदल म्हणेन, मोहोळ त्यांचं घर आहे.

डीजे मोकळ्या रानात भिंतीसारखा उभा केला तर शेजारच्या आखाड्यावरची जनावरं दावी तोडतात, गाभण म्हैस असेल कुणाची तर विचार कर. आणि रात्री दहानंतर कायद्यानं बंदच. हलगी सांग रे, चांगल्या हलगीवाल्यांचा ताफा वाजायला लागला की तुझे मित्रच आधी नाचतील, मी पैज लावते. गोंधळ मात्र लग्नाच्या दिवशी घाईत उरकू नको. आदल्या किंवा नंतरच्या रात्री, घरच्या अंगणात, चौक भरून, दिवटी पेटवून, संबळ-तुणतुण्यावर नीट ऐकायला बसायचं. मित्रांना त्या रात्री थांबव, शहरातल्या पोरांनी गोंधळ्याची कथा पहाटेपर्यंत ऐकलेलीच नसते. गोंधळी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे जपलंय, त्यांची बिदागी डीजेपेक्षा कमी ठेवू नकोस.

प्रश्न: वसमतजवळच्या खेड्यातली मी, वय 74. नातसून यायची आहे. लग्न आपल्याच हळदीच्या वावरात करतेत म्हणं. मला काही सुचंना मी काय करू तिच्यासाठी. डोळ्याला दिसतं कमी. पोरं म्हणतेत आज्जे तू फक्त बसून रहा.

उत्तर: आज्जी, तुमचं पत्र नातवानं लिहून दिलेलं दिसतंय, त्यालाही सांगा की मी त्याच्यावर जरा रागावलेय. बसून काय राहायचं?

तुमच्या वावरात जी पिकते ती वसमतची हळद, तिला आता जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, देशात नाव आहे. नातसुनेच्या अंगाला बाजारातली पुडी लागायची आणि मांडवाभोवती हळदीचं रान, असं कसं चालेल? फेब्रुवारी-मार्चात काढणी झाली की शिजवून, वाळवून, पॉलिश करायच्या आधीच तुमच्या पसंतीची चांगली जाड हळकुंडं दोन किलो बाजूला ठेवायला सांगा. डोळ्याला दिसत नसलं तरी हळकुंड कसं वाजतं यावरून तुम्हाला कळतं ते नीट वाळलं का नाही, हे ज्ञान घरात दुसऱ्या कुणाकडं नाहीये. वाळलेलं हळकुंड एकदम जात्यात जात नाही हे तुम्ही जाणता, पण पोरींना माहीत नसतं, त्या जात्याचा खुंटा मोडून ठेवतील. आधी उखळात भरडून घ्यायला लावा, मग जात्यावर, मग वस्त्रगाळ. पहिल्या पाच मुठी तुमच्या हातानं.

आणि दळताना ओव्या म्हणा. तुमच्या आईच्या, सासूच्या, ज्या आठवतील त्या, मधली ओळ विसरली तर विसरली. तुमच्या शेजारच्या परभणीतलंच जनाबाईंचं गंगाखेड, तुमच्याकडच्या जात्याला गाणं शिकवावं लागत नाही. नातवाला म्हणावं मोबाइल जात्याशेजारी उशीवर ठेवून नुसता आवाज भर, जात्यावर टेकवू नको नाहीतर घरघरच ऐकू येईल, आणि फोटोवाल्याला त्या वेळी आत घेऊ नको, फक्त घरच्या बाया असू दे. तो आवाज हळदीच्या दिवशी स्पीकरवर लावा, सिनेमाच्या गाण्याच्या जागी.

नातसुनेला लग्नाच्या आधी एकदा दोन दिवस बोलवून घ्या. जात्याला दोन बाया लागतात, समोर तिला बसवा.